पंच म्हणून सही केली, तेव्हापासून एक प्रश्न छळतोय: ही फौजदारी पद्धत कुणाची? इंग्रजांची की आपली?

मीरा_कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या मंगळवारी आमच्या पेठेतलं मोबाईलचं दुकान फुटलं. माझं झेरॉक्सचं दुकान त्याला लागूनच. सकाळी कुलूप काढतेय तोवर हवालदार आले, "ताई, पाच मिनिटं पंच म्हणून या." पाच मिनिटांचे पावणेतीन तास झाले. मी आणि समोरचे गिरणीवाले काका, दोघे पंच. एक हवालदार मोबाईलवर सगळं चित्रीकरण करत होते, दुसरे मांडीवर पॅड ठेवून लिहीत होते. उचकटलेला कोयंडा आणि वाकलेली पहार खाकी कागदात गुंडाळली, सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतून शिक्का मारला, आणि आम्हा दोघांच्या सह्यांची चिठ्ठी पाकिटावर डकवली. लाखेचा वास दुपारपर्यंत हाताला होता.

पंचनाम्याची भाषा ऐकून मला आजोबाच आठवले. "आम्ही खाली सह्या करणार पंच, बोलावलेवरून हजर आहोत..." आजोबा असल्या कागदांना 'इंग्रजांचा कागद' म्हणायचे. पण हवालदार सांगत होते की आता सगळं नवीन आहे, इंग्रजांचे कायदे गेले.

मग माझे दोन प्रश्न. एक, ही जी गुन्हा-तपास-पंच-कोर्ट पद्धत आहे, त्यात इंग्रजांचं किती, आपलं किती, आणि १ जुलै २०२४ ला बदललं ते नेमकं काय? दुसरा प्रश्न साधा आहे: मला कोर्टात जावं लागेल का? घरचे घाबरलेत.

अण्णा_भडंग
पहिला! सर्वात मोठं नुकसान कुणी सांगतच नाही. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता ३५८ कलमांवरच संपते. म्हणजे ४२० कलम आता अस्तित्वातच नाही. फसवणूक गेली ३१८ मध्ये. आमच्या साडूला यापुढे काय म्हणायचं?

घड्याळजी
@अण्णा, साडूला जुनं कलम लावा. त्याचे गुन्हे १ जुलैच्या आधीचेच असतील.

अण्णा_भडंग
दंडवत घ्या.

जुना_पीपी
घड्याळजींनी गमतीत बोललंय, पण कायदा अगदी बरोबर सांगितलाय. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचं दंडविधान लागतं. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं कोर्टात एका टेबलावर ३०२ आणि शेजारच्या टेबलावर १०३ चालणार. दोन्ही खूनच. आणि नव्या संहितेतलं ३०२ काय आहे माहीत आहे? धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम शब्द उच्चारणे. कुणी "तुझ्यावर ३०२ लावीन" म्हणालं तर आधी साल विचारा.

मीराताई, मी जिल्हा कोर्टात सरकारी वकिली करून निवृत्त झालो. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आरोपी सापडला, दोषारोपपत्र गेलं आणि खटला उभा राहिला, तर समन्स येईल. दोन वर्षांनी येईल, सात वर्षांनीही येईल. घाबरायचं काही नाही, पण टाळायचं नाही.

पहिला प्रश्न मोठा आहे. तुकड्या तुकड्याने लिहितो.

'पंचनामा' हा शब्द १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कुठेही नाही. तिथे एवढंच म्हटलंय की झडती घेताना त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत. त्या 'प्रतिष्ठित रहिवाशां'ना आपण आपला जुना शब्द चिकटवला, पंच. नियम इंग्रजाचा, नाव आपलं. त्या प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ ने झडती-जप्तीचं चित्रीकरण आलं. तुमच्यासमोर तो मोबाईल धरला होता तो त्यासाठी. लाख आणि सुतळी मात्र तशीच राहिली.

बखरवाला
@जुना_पीपी, सुंदर. थोडी भर घालतो. दक्षिणेत, कर्नाटकापासून केरळपर्यंत, पोलीस आजही पंचनाम्याला 'महजर' म्हणतात. आणि महजर म्हणजे आपल्या मराठेशाहीतला निवाड्याचा कागद! गोतसभा बसायची, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, मिरासदार यांच्या सह्या किंवा निशाण्या व्हायच्या. सुताराची निशाणी वाकस, कुणब्याची नांगर. आपण शब्द टाकून दिला, त्यांनी जपला.

आणखी एक गंमत. मराठेशाहीत 'गुन्हेगारी' म्हणजे हरलेल्याने सरकारात भरायचा दंड. जो जिंकला तोही सुटायचा नाही, तो 'हरकी' भरायचा, जिंकल्याच्या आनंदाची! 'फौजदारी' आणि 'दिवाणी' हे शब्दही मोगल अंमलाचे, फौजदार आणि दिवाण यांच्यावरून आलेले. तेव्हा ताई, शब्द बहुतेक इंग्रजांच्या आधीचे आहेत.

माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्याकडे गावात न्याय होता, स्वस्त होता आणि लवकर मिळायचा. रामशास्त्र्यांनी थेट पेशव्याच्या काकाला दोषी धरलं. इंग्रजांनी ते मोडून वकील आणि तारखा आणल्या.

उघडा_डोळा
असहमत. रामशास्त्री सगळ्यांना आठवतात, घाशीराम कोतवाल आठवला की सगळे नाटकाबद्दल बोलायला लागतात. १७९१ सालचं पुणं. तेलंगी ब्राह्मण कोठडीत कोंडून मेले आणि मग लोकांनी कोतवालाला दगडांनी ठेचलं. ते मेलेले ब्राह्मण होते म्हणून एवढा गहजब झाला. दुसरं कुणी असतं तर बखरीत ओळ तरी आली असती का?

आणि 'दिव्य' विसरलात? उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहोर लावायची आणि दोन दिवसांनी फोड आलेत का ते बघायचं. शिक्षा जातीनुसार वेगळी. तोच गुन्हा करून एकाला प्रायश्चित्त आणि दुसऱ्याचा हात कलम. दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या मॅकॉले साहेबाला कितीही शिव्या घाला, पण ब्राह्मण आणि महार यांना एकच कलम लावणारं पुस्तक त्याच्या मसुद्यातून आलं.

बखरवाला
एकच कलम? १८८३ चं इल्बर्ट बिल वाचा. हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवावा एवढीच सूचना होती. कलकत्त्यात गोऱ्यांनी रान उठवलं. शेवटी तडजोड काय झाली, तर गोऱ्याला निम्मे गोरे असलेली ज्युरी मागता येईल. ब्राह्मण गेला, साहेब आला.

उघडा_डोळा
तेही मान्य. मी साहेबाची आरती करत नाहीये.

फुलवात
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. पण कुणीतरी सालं नीट लावून द्या ना, माझा गोंधळ उडतोय.

जुना_पीपी
फुलवात, थोडक्यात. आपल्या मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ मध्ये, गुन्हे आणि शिक्षा लिहिलेलं रेग्युलेशन आलं. मॅकॉलेचा मसुदा १८३७ चा, म्हणजे दहा वर्षांनंतरचा. तो मसुदा दोन तपं धूळ खात पडला. १८५७ झालं, कंपनी जाऊन राणी आली आणि घाईघाईने सगळं पक्कं करण्यात आलं: १८६० मध्ये दंड संहिता, १८६१ मध्ये पोलीस कायदा आणि प्रक्रिया संहिता, १८६२ मध्ये मुंबईचं हायकोर्ट, १८७२ मध्ये पुरावा कायदा. बंडानंतर बारा-पंधरा वर्षांत घर बांधून तयार. आपण त्या घराला रंग दिला, भिंती पाडल्या, पोटमाळा काढला. चौकट तीच.

पोलिसांचा नमुना लंडनचा नव्हता, आयर्लंडचा होता. लंडनचा पोलीस लोकांच्या गस्तीसाठी. आयर्लंडचा पोलीस ताब्यात घेतलेल्या मुलखावर पहाऱ्यासाठी, बरॅकीत राहणारा, वरून हुकूम आला की निघणारा. आपल्याकडे कुठला आला ते ओळखा.

हवालदाराची_लेक
काका, एक दुरुस्ती आणि एक तक्रार.

दुरुस्ती: १८६१ चा पोलीस कायदा महाराष्ट्राला लागू नाही. आपल्याकडे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आहे, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. तडीपारी त्यातूनच होते, कलम ५५ ते ५७.

तक्रार: सगळे 'पोलीस साहेबाचे' म्हणतात, पण साहेबाने शिपायावर कधीच विश्वास ठेवला नाही. पुरावा कायद्याचं कलम २५ बघा. पोलिसासमोर दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. बाबा २ नंबरच्या पाळीवरून आले की म्हणायचे, "आम्हाला बंदूक देतात, पण आमच्यासमोर बोललेलं खोटं धरतात." नव्या साक्ष्य अधिनियमातही हे तसंच आहे, फक्त आकडा २३ झाला.

जुना_पीपी
दुरुस्ती मान्य, लेकी. सवयीने लिहून गेलो.

पण कलम २५ मागे कारण होतं. १८५४ मध्ये मद्रासला सरकारनेच छळाची चौकशी करायला आयोग नेमला होता. महसूल वसुली आणि गुन्ह्याची कबुली, दोन्हींसाठी माणसं उन्हात उभी करत, मिरचीपूड वापरत. त्यावरचा इलाज काय? पोलीस सुधारायला पैसा लागतो. त्यापेक्षा कबुलीच बाद करा, फुकटात काम झालं.

आणि दार पूर्ण बंद केलंच नाही. कलम २७ ची फट ठेवली: कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. त्या फटीतून आपल्याकडे मेमोरंडम पंचनामा जन्मला. मी शेकडो वाचले. आरोपी साताऱ्याचा असो की शिरपूरचा, अडाणी असो की पदवीधर, वाक्य एकच: "मी गुन्ह्यात वापरलेली कुऱ्हाड लपवून ठेवली असून ती मी काढून देतो, माझ्यासोबत चला." एकदा आरोपी मुका होता. वाक्य तेच. न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या आपल्या मोक्का कायद्याने, १९९९ मध्ये, मात्र दार उघडलं. अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली तिथे चालते. साहेबाने जे धाडस केलं नाही ते आपण केलं, म्हणा.

सिंगापुरी_चाफा
इथे बसून हा धागा वाचताना मौज वाटतेय. @अण्णा_भडंग, तुमच्या साडूंना इकडे पाठवा. सिंगापूरच्या दंड संहितेत फसवणुकीचं कलम अजून ४२० च आहे! मूळ भारतीय संहितेवरून घेतलेली. पाकिस्तान, बांगलादेशातही ४२० आणि ३०२ जागेवर आहेत. म्हणजे ज्या देशाच्या नावाने ती संहिता जन्मली, तिथेच ती राहिली नाही.

आणि इथे वेताचे फटके अजून आहेत. भारतात १८६४ च्या कायद्याने फटके आणले होते, १९५५ मध्ये काढून टाकले. इथे शिस्त म्हणून पर्यटकांना कौतुक वाटतं. मला नाही वाटत.

पणजीचा_पाऊस
मधेच घुसतो. गोव्यात १९६१ पर्यंत हे तुमचं मॅकॉले प्रकरण नव्हतंच. १८८६ ची पोर्तुगीज दंड संहिता होती, गावात रेजिदोर, म्हणजे सरकारने नेमलेला गावकारभारी, असायचा. माझे आजोबा सांगायचे, कोर्टात न्यायाधीश पोर्तुगीज बोलणार, साक्षीदार कोंकणी बोलणार, आणि मधला दुभाषी जे बोलेल तो खरा पुरावा. मुक्तीनंतर फौजदारी कायदा भारताचा आला, पण दिवाणीत लग्नाचे नियम पोर्तुगीज संहितेनेच चालतात. एकच घर, दोन साहेब.

फुलवात
दुभाष्यावरून टिळक आठवले. केसरीतले मराठी अग्रलेख, त्यांचं इंग्रजी भाषांतर, आणि ते वाचून निकाल देणारी बहुसंख्य गोरी ज्युरी.

बखरवाला
फुलवात, हा मुद्दा मी मांडणारच होतो! १८९७ ला सहा विरुद्ध तीन, १९०८ ला सात विरुद्ध दोन. १९०८ ला टिळकांनी स्वतःच बाजू मांडली आणि भाषांतरातल्या एकेका शब्दावरून भांडले. मराठीतला शब्द इंग्रजीत जहाल करून कसा घातला ते दाखवत राहिले. सहा वर्षं मंडाले.

आणि नियती बघा. १८९७ ला टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर दावर, १९०८ ला तेच न्यायाधीशाच्या खुर्चीवर.

राजद्रोहाचं १२४-अ मूळ १८६० च्या संहितेत नव्हतं, १८७० मध्ये घुसवलं. सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये ते थांबवून ठेवलं. नव्या संहितेत 'राजद्रोह' शब्द गेला, पण कलम १५२ वाचा आणि तुम्हीच ठरवा.

उघडा_डोळा
टिळकांना निदान खटला तरी मिळाला. त्याच १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना खटल्याशिवाय उचललं. कुठल्या कायद्याने? १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनने. एल्फिन्स्टन साहेबांचंच वर्ष! बाजूला सुरेख दंडविधान, आणि शेजारच्या खणात 'कारण न सांगता आत टाका' असा कागद. आज १५२ वर सगळे भांडतात, पण तो दुसरा खण कुणी बंद केला नाही. प्रतिबंधक स्थानबद्धता राज्यघटनेतच आहे, आणि आपला स्थानबद्धतेचा कायदा 'एमपीडीए' १९८१ चा, शंभर टक्के स्वदेशी.

बखरवाले, इथे मी तुमच्या बाजूने आहे, हे नोंदवून ठेवा.

बखरवाला
महजर करून ठेवतो. निशाणी उघडा डोळा.

घड्याळजी
ज्युरीवरून नानावटी, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारे ते नौदल अधिकारी, अजून कसे आले नाहीत? त्यांच्यामुळेच ज्युरी बंद झाली ना?

जुना_पीपी
घड्याळजी, ही अफवा फार चिवट आहे. १९५९ मध्ये मुंबईत ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली, हे खरं. पण ज्युरी काढा अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधी. १९७३ च्या संहितेत तिला जागाच उरली नाही.

लालमाती
हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

तुम्ही सगळे कलमं बोलताय. आमच्याकडे कलम लागायला गुन्हा करावा लागत नव्हता. जन्म पुरेसा होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पुढे तो आपल्या इलाख्यातही आला. माझी आजी पारधी. तिच्या आईचं नाव पाटलाकडच्या हजेरीत होतं. रात्री हाक आली की तंबूतून 'ओ' द्यायची. बाळंतीण असली तरी. दुसऱ्या गावाला जायचं तर चिठ्ठी. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, तिथे आमचे कितीतरी नातेवाईक.

बखरवाले दादा, गावचा पाटील आणि गावचे पंच हेच ती हजेरी घेत होते. साहेब एकदाही आला नाही, आजी सांगायची. साहेबाने कागद दिला, हाक गावाने मारली.

३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही 'विमुक्त' झालो. मग राज्यांनी 'सराईत गुन्हेगार' कायदे केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे एवढ्यातच, सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की तुरुंगाच्या नियमावलीत जातीवरून कामं वाटू नका, आणि विमुक्तांना जन्मजात सराईत धरू नका.

माझा भाऊ आयटीआय झालाय, वेल्डर आहे. जवळपास चोरी झाली की तो अजून दोन दिवस आत्याकडे जाऊन राहतो. काही केलं म्हणून नाही. सवय.

मीरा_कृष्णाकाठ
लालमाती, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मंगळवारी पंचनामा चालू असताना गर्दीतून कुणीतरी बोललंच होतं, "पालावर बघा आधी." मी तेव्हा काहीच बोलले नाही. लिहितानाही ते गाळलं होतं.

हवालदाराची_लेक
लालमाती, बाबांच्या ठाण्यात भिंतीवर फळा असायचा, हद्दीतल्या वस्त्यांची नावं लिहिलेला. लहानपणी मला वाटायचं ती पत्त्यांची यादी आहे.

बखरवाला
लालमाती ताई, 'हाक गावाने मारली' यावर माझ्याकडे उत्तर नाही. गोतसभेबद्दल मी वर जे लिहिलं ते लिहिताना तुमची आजी माझ्या डोळ्यांसमोर नव्हती.

अण्णा_भडंग
जड झालंय, मी शांत बसतो. फक्त एक प्रामाणिक प्रश्न: मग नव्या कायद्याने चांगलं काय झालं? काही तरी असेल की.

जुना_पीपी
आहे की. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येण्याची सोय, झीरो एफआयआर, आता कायद्यातच लिहिली आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने जागेवर जायचं. किरकोळ गुन्ह्याला समाजसेवेची शिक्षा.

पण माझ्या अनुभवात खरा बदल संसदेपेक्षा लोकांच्या रागातून जास्त आला. देसाईगंजचं मथुरा प्रकरण. १९७२, पोलीस ठाण्यातला बलात्कार, आदिवासी मुलगी. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं. चार प्राध्यापकांनी कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम आलं, आणि ती 'संमती नव्हती' म्हणाली तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. मॅकॉलेच्या पुस्तकातलं ते पान खऱ्या अर्थाने आपण लिहिलेलं.

तुरुंगातल्या चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, हे मात्र कुठल्याच आकड्याच्या कलमाने अजून हललेलं नाही.

मीराताई, तुमचं समन्स राहिलंच. एक काम करा. त्या दिवशी जे पाहिलं ते आजच वहीत स्वतःच्या अक्षरात लिहा, तारीख घाला. लगेच लिहून ठेवलेलं टिपण बघून साक्षीदाराला आठवण ताजी करता येते. ही सोय १८७२ पासून आहे, आणि पाच वर्षांनी तुम्हाला कोयंडा डावीकडे होता की उजवीकडे हे विचारणार आहेत.

मीरा_कृष्णाकाठ
काका, लिहिलं. चार पानं झाली. 'पालावर बघा'सुद्धा लिहिलं.

लिहिताना एक लक्षात आलं. सही केलेल्या पंचनाम्यात शेवटी होतं, "पंचनामा भरपूर सूर्यप्रकाशात केला." त्या दुकानाला खिडकीच नाही. शटर अर्धं खाली होतं आणि आत एक ट्यूबलाइट लुकलुकत होती. वाचून दाखवलं तेव्हा मीही मान हलवली. आता काय करू?

जुना_पीपी
विचारलं तर खरं सांगा. ट्यूबलाइट होती म्हणा. बचावाचा वकील खूश होईल, तपासी अंमलदार तुमच्याकडे बघणार नाही. त्याच्या जागी मी सरकारी वकील असतो तर मीही चिडलो असतो. तरी तेच सांगा. आणि मोबाईलच्या चित्रीकरणात ती दिसतच असेल.

घड्याळजी
सही केल्यानंतर पेटली म्हणायची. ट्यूबलाइटच ती.